अंगणावरचे छत : सावली हवी, भट्टी नको

विदर्भातल्या जुन्या घरांना समोर छपरी असे, कोकणातल्या घरांना पडवी आणि देशावरच्या वाड्यांना ओसरी. नावे निराळी असली तरी काम एकच होते. ऊन घराच्या भिंतीला भिडण्यापूर्वीच अडवायचे आणि माणसांना बसा-उठायला उघड्यावरची सावली द्यायची. चैत्र उजाडला की अंगणात मेढी रोवून त्यांवर बांबूचे तट्टे, तुराट्या किंवा पऱ्हाट्या पसरल्या जात. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी हा मांडव उतरवलाही जाई.

शहरांतल्या आजच्या रो-हाऊसना आणि छोट्या बंगल्यांना ही छपरी उरलेली नाही. भूखंड लहान, त्यामुळे घर नियमांनी परवानगी दिलेल्या रेषेपर्यंत बांधलेले असते. उरलेल्या पट्ट्यात फरशी घातलेली असते आणि भिंत दिवसभर उघड्या उन्हात तापते. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ४४-४५ अंश तर विदर्भात दर उन्हाळ्यात अनुभवास येतात. अशा ठिकाणी अंगणावर कायमस्वरूपी छत घालून घेण्याचा विचार घरोघरी होतो, यात नवल नाही. मात्र बहुतेक वेळा फॅब्रिकेटरला बोलावले जाते, चार पाइप उभे राहतात, त्यांवर रंगीत पत्रा ठोकला जातो आणि पहिल्याच मे महिन्यात त्या सावलीत दुपारी बसवत नाही, असा अनुभव येतो. दोष पत्र्याइतकाच न केलेल्या विचाराचाही असतो.

उष्णतेच्या तीन वाटा

अंगणात बसलेल्या माणसाला उष्णता तीन वाटांनी पोहोचते. पहिली वाट थेट उन्हाची. कोणतेही अपारदर्शक छत ती बंद करते. दुसरी वाट तापलेल्या पृष्ठभागातून बाहेर पडणाऱ्या उष्णताकिरणांची. पत्रा वरून तापला की त्याची खालची बाजूही जवळजवळ तितकीच तापते आणि ती उष्णता खाली बसलेल्यांच्या डोक्यावर उतरते. सावलीत असूनही टाळू भाजल्यासारखी वाटते ती यामुळेच. तिसरी वाट साचलेल्या गरम हवेची. छताखाली तापलेली हवा वर चढते आणि तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ती छताखालीच कोंडते. छत भिंतीला घट्ट चिकटवलेले असेल तर हीच हवा झरोक्यांतून व खिडक्यांतून घरात शिरते. म्हणजे घर थंड राहावे म्हणून घातलेले छत घरातच उष्णता ढकलू लागते.

त्यामुळे छत चांगले की वाईट हे ठरवताना सावली किती पडते एवढेच पाहून भागत नाही. छताची खालची बाजू किती तापते आणि गरम हवा कोठून निघून जाते, हे दोन प्रश्न विचारावे लागतात. याच कारणासाठी अंगणावर काँक्रीटचा स्लॅब ओतणे उष्ण प्रदेशात फारसे शहाणपणाचे ठरत नाही. जड स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि संध्याकाळी, नेमकी बसायची वेळ झाली की, ती सोडू लागतो. हलके छत दुपारी तापले तरी सूर्य मावळल्यावर लवकर निवते.

आधी दिशा, मग छत

नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे मेच्या अखेरच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यास सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. पुण्या-मुंबईकडे हाच दिवस मेच्या मध्याला येतो. डिसेंबरात मात्र नागपूरचा माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर, दक्षिणेकडे झुकलेला असतो. या एका गोष्टीत छताचे निम्मे गणित सामावले आहे.

दक्षिणेकडचे अंगण सर्वांत सोपे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य ६९ अंशांवर असतो. तेव्हा ३ फूट पुढे आलेले छत खाली साडेसात फुटांपेक्षा अधिक सावली देते, म्हणजे ७ फुटी दार पुरते झाकले जाते. एप्रिल-मेमध्ये सूर्य आणखी वर चढत असल्याने दक्षिणेच्या भिंतीला दुपारचे ऊन जवळपास लागतच नाही. उलट डिसेंबरात त्याच ३ फुटी छताची सावली ३ फूटच उतरते आणि दाराच्या उरलेल्या ४ फुटांतून कोवळे ऊन घरात येते. भिंतीसाठी एवढे पुरते. माणसांना बसायचे असेल तर छत ८-१० फूट खोल घ्यावे लागते. मात्र त्यामुळे हिवाळ्यातले ऊनही अडते. त्यावर तोड म्हणून भिंतीजवळचा पट्टा पक्का ठेवून पुढच्या भागावर काढता-घालता येणारे आच्छादन ठेवता येते.

पश्चिमेकडच्या अंगणाची गोष्ट अगदी वेगळी आहे. फसगत होते ती येथेच. भिंतीपासून १० फूट खोल आणि पुढच्या कडेला ८ फूट उंच असे छत पश्चिमेला घातले आहे, असे धरू. मेच्या मध्यास नागपुरात दुपारी दोनला सूर्य सुमारे ६४ अंशांवर असतो आणि ऊन पुढच्या कडेपासून चार फूट आत येते. चार वाजता सूर्य सुमारे ३६ अंशांवर उतरतो आणि १० फुटांची अख्खी फरशी उन्हात न्हाऊन निघते. पाच वाजता तो २३ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा ऊन भिंतीवर जवळपास चार फूट चढते. म्हणजे दिवसातल्या सर्वांत तापदायक वेळी हे छत असून नसल्यासारखे असते. छत आणखी पुढे ओढल्याने हा प्रश्न सुटत नाही. पश्चिमेला आडव्या छताइतकाच उभा आडोसा महत्त्वाचा ठरतो.

बांबूच्या चिका, वाळ्याच्या ताट्या, वेली चढवलेली जाळी किंवा उभ्या पट्ट्यांचा झडपेसारखा पडदा, असा हा आडोसा असू शकतो. छताच्या पुढच्या कडेपासून चार फूट खाली चीक सोडली तरी चार वाजताचे ऊन निम्म्या फरशीवरच थांबते. वाळ्याच्या ताटीवर पाणी शिंपडले तर विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने गारवाही मिळतो. कोकणाच्या दमट हवेत मात्र हा उपाय फारसा चालत नाही. पूर्वेकडच्या अंगणालाही सकाळी असेच तिरपे ऊन लागते, पण तोवर हवा तापलेली नसते. उत्तरेकडे उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येते, कारण जूनमध्ये सूर्य नेमक्या पश्चिमेला न मावळता उत्तरेकडे सुमारे २५ अंश सरकून मावळतो. तेथे उथळ छत आणि बाजूंना आडोसा पुरतो.

कोणते साहित्य निवडावे

रंगीत लोखंडी पत्रा सर्वाधिक वापरला जातो, कारण तो टिकाऊ, हलका आणि सहज मिळणारा आहे. गडद निळा किंवा लाल पत्रा मात्र ऊन शोषून घेतो. पांढरा किंवा फिकट रंग बरेचसे ऊन परतवतो. पत्रा घ्यायचाच तर वरची बाजू पांढरी असावी आणि खाली ३-४ इंच पोकळी सोडून बांबूचे तट्टे किंवा हलके छतफलक लावावेत. या पोकळीची दोन्ही टोके उघडी ठेवली तर पत्र्याची उष्णता हवेबरोबर निघून जाते आणि खालच्या थराचा स्पर्श सुसह्य राहतो. अंगणाच्या छतावर एवढ्या थोड्या खर्चात इतका फरक पाडणारी सुधारणा क्वचितच सापडेल.

दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले पफ पॅनेल उष्णता उत्तम अडवते. त्याचा खर्च अधिक असतो आणि आतील फोम जळू शकतो, म्हणून चूल, तंदूर किंवा बंब जेथे पेटतो तेथे ते टाळावे.

पॉलीकार्बोनेटचे पारदर्शक पत्रे दिसायला देखणे असतात आणि घरात उजेडही राहतो. मात्र पारदर्शक पत्रा उजेडाबरोबर उन्हाची उष्णताही आत घेतो. मे महिन्यात त्याखाली काचघरात बसल्यासारखे होते. हवाच असेल तर दुधी किंवा तपकिरी छटेचा घ्यावा आणि बसण्याच्या जागेवर न लावता उजेडाच्या अरुंद पट्टीपुरता वापरावा. त्याची अतिनील किरणांपासून संरक्षण देणारी बाजू वर यायला हवी. ती उलटी लागली तर पत्रा काही वर्षांत पिवळा पडून तडकतो. पोकळ कप्प्यांच्या पत्र्याचे कप्पे उताराच्या दिशेने असावेत. शिवाय ३ मीटर लांबीचा पत्रा तापमानातील ४० अंशांच्या फरकाने सुमारे ८ मिलिमीटर वाढतो. म्हणून स्क्रूची भोके थोडी मोठी ठेवावी लागतात, अन्यथा पत्रा फुगून फाटतो.

मंगलोरी कौले किंवा विदर्भातले कवेलू उन्हाला चांगले तोंड देतात. कौलांच्या फटींतून गरम हवा निसटत राहते, हा त्यांचा मोठा गुण. त्यांना उतार मात्र बराच लागतो, सांगाडा भक्कम लागतो आणि माकडांचा उपद्रव असलेल्या वस्तीत दरवर्षी कौले चाळावी लागतात.

शेडनेट हा सर्वांत स्वस्त मार्ग. ५०, ७५ किंवा ९० टक्के सावली देणाऱ्या जाळ्या बाजारात मिळतात. बसण्याच्या जागेसाठी ७५ टक्क्यांची जाळी बहुधा पुरते. तिच्यातून हवा आरपार जात असल्याने गरम हवा कोंडत नाही आणि वाऱ्याचा जोरही कमी लागतो. ती पाऊस अडवत नाही. उन्हाने काही वर्षांत ती जीर्ण होते, पण बदलणे सोपे असते.

वेलीचा मांडव हा जुना आणि अजूनही उत्तम पर्याय आहे. पाने सूर्याखाली पत्र्यासारखी तापत नाहीत, कारण ती पाणी बाष्परूपाने सोडत असतात. मधुमालती, कृष्णकमळ किंवा कारली-दोडक्यासारखे भाजीचे वेल तारांच्या जाळीवर चढवता येतात. दाट सावली व्हायला वेळ लागतो आणि ऐन उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते, हे मात्र आधीच ध्यानात घ्यावे.

बांबूचे छत विदर्भात सहज होऊ शकते. बांबू पक्व असावा, बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणाने त्यावर प्रक्रिया केलेली असावी आणि त्याचे बूड मातीत न पुरता काँक्रीटच्या किंवा लोखंडाच्या बैठकीवर उभे असावे. जुने ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे कोणी स्वस्तात दिले तरी घेऊ नयेत. ते कापताना किंवा फुटताना उडणारी धूळ फुफ्फुसांना घातक असते.

छत वाऱ्याने उडते, वजनाने पडत नाही

वळवाच्या पावसात पत्रे उडाल्याच्या बातम्या दर एप्रिल-मेमध्ये येतात. उडालेला पत्रा रस्त्यावरच्या माणसाच्या जिवावर बेततो. तरीही घरगुती कामात या बाजूचा विचार सर्वांत कमी होतो. छत पेलण्यासाठी खांब लागतात, एवढेच गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तिन्ही बाजूंनी उघड्या छताला खाली दाबणाऱ्या वजनापेक्षा वर उचलणाऱ्या वाऱ्याचा धोका मोठा असतो.

भारतीय मानकानुसार नागपुरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला जातो, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. पुण्यासाठी तो ३९ मीटर आहे. ४४ मीटर वेगाचा वारा प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ११८ किलो वजनाइतका दाब निर्माण करतो. १० फूट बाय १२ फूट छताचे क्षेत्र सुमारे ११ चौरस मीटर भरते. त्यावरचा दाब १,३०० किलोंच्या घरात जातो. याच छताच्या अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन मात्र पन्नास-पंचावन्न किलोच असते. उंची, परिसर आणि छताचा आकार यांप्रमाणे दाबाचा आकडा बदलतो व तो अभियंत्यानेच काढावा. पण तुलना कोठे जाते, हे एवढ्यावरूनही ध्यानात यावे.

म्हणून पाया हा छताला पेलणारा ओटा नसून त्याला जमिनीशी बांधून ठेवणारा नांगर आहे, असे समजावे. दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्ड्यातल्या काँक्रीटचे वजन सुमारे ३०० किलो होते. असे चार खड्डे मिळून १,२०० किलो होतात. फरशीवर चार बोल्ट मारून उभ्या केलेल्या खांबाला असा कोणताही आधार नसतो. पत्रा सांगाड्याला रबरी वॉशर असलेल्या स्क्रूंनी किंवा हुक बोल्टांनी पक्का करावा. कडेच्या ओळींत स्क्रू अधिक घ्यावेत, कारण वारा पत्रा उचलतो तो कडेपासूनच. पत्र्यावर विटा किंवा दगड ठेवणे हा उपाय नव्हे, तो दुसरा अपघात आहे.

गच्चीवर छत घालायचे असल्यास स्लॅबमध्ये भोके पाडू नयेत. जलरोधक कोबा फुटला की गळती सुरू होते आणि ती कोठून आली हे शोधणे अवघड जाते. खांबांच्या बैठका इमारतीच्या कॉलमच्या रेषेत घ्याव्यात. कठड्याची चार इंची भिंत छताचा भार घेण्यासाठी बांधलेली नसते.

उंची, उतार आणि पाणी

छत फार खाली असेल तर तापलेली खालची बाजू डोक्याजवळ येते. फार वर असेल तर तिरपे ऊन आत शिरते. पुढची कड साडेसात ते आठ फूट आणि भिंतीकडची बाजू नऊ-साडेनऊ फूट हा बहुतेक घरांना मानवणारा मेळ आहे. भिंत आणि छत यांच्यात सहा इंचांची फट ठेवावी आणि पाऊस आत येऊ नये म्हणून तिच्यावर भिंतीतून एक अरुंद पत्र्याची पट्टी पुढे काढावी. वर चढलेली गरम हवा या फटीतून निघून जाते. पत्र्याला १० फुटांमागे निदान एक फूट उतार असावा.

छत घातले की पावसाचे पाणी एका कडेवर एकवटते. ताशी १०० मिलिमीटरच्या जोराने पाऊस झाला तर १० बाय १२ फूट छतावरून तासाला अकराशे लिटरांवर पाणी उतरते. पन्हाळ नसेल तर तेच पाणी पायाशी किंवा शेजाऱ्याच्या भिंतीवर पडते आणि पुढच्या तक्रारींना तेथूनच सुरुवात होते. वर्षाला सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस होणाऱ्या नागपुरात एवढ्याशा छतावर बारा हजार लिटर पाणी पडते. पन्हाळीतून ते गाळणीमार्गे विहिरीत, बोअरवेलच्या शोषखड्ड्यात किंवा टाकीत नेता येते.

परवानगीचा प्रश्न

आपल्याच अंगणात छत घालायला परवानगी कशाला, असा सूर अनेकदा ऐकू येतो. मात्र घराभोवतीची मोकळी जागा, म्हणजे सामासिक अंतर, हवा-उजेडासाठी आणि अग्निशमनासाठी नियमांनीच मोकळी ठेवलेली असते. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. सामासिक अंतरात कोणते आच्छादन चालते आणि कोणते बांधकाम म्हणून गणले जाते, हे तिच्या आधारे ठरते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार परवानगीविना केलेल्या बांधकामाला कलम ५३ खाली ते हटवण्याची नोटीस येऊ शकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी नोंदणीकृत वास्तुविशारदाकडून नकाशा तपासून घेऊन महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागाकडे लेखी विचारणा करावी. गृहनिर्माण संस्थेत गच्ची आणि मोकळी जागा सामाईक असते. तेथे संस्थेची लेखी संमतीही लागते.

विजेच्या तारांचे अंतर हा तर जिवाचाच प्रश्न आहे. घरगुती दाबाच्या तारा छतापासून उभ्या अंतराने २.५ मीटर आणि आडव्या अंतराने १.२ मीटर दूर असाव्यात. ११ हजार व्होल्टच्या तारेसाठी उभे अंतर ३.७ मीटर आहे. लांब पाइप उचलताना तो तारेला लागणे हे अपघातांचे नेहमीचे कारण आहे. लोखंडी सांगाड्यावर पंखा किंवा दिवा लावायचा असेल तर सांगाड्याला अर्थिंग करून घ्यावे.

काम देण्यापूर्वी

फॅब्रिकेटर बहुधा सांगाड्याचा दर किलोवर आणि छताचा दर चौरस फुटावर सांगतात. दोन दरपत्रकांची तुलना करताना पाइपची जाडी, पत्र्याची जाडी, खड्ड्यांचे माप, पन्हाळ आणि रंगाचे थर यांचा त्यांत लेखी उल्लेख आहे का, ते पाहावे. स्वस्त दरामागे पातळ पाइप किंवा गाळलेला पाया असण्याचा संभव असतो. वेल्डिंगचे सांधे घासून रेड ऑक्साइडचा थर दिल्यावरच रंग लावावा. पोकळ पाइपची वरची तोंडे बंद करावीत, नाहीतर आत पाणी साचून खांब आतून गंजतो आणि बाहेरून ते दिसतही नाही.

दरवर्षी होळीनंतर स्क्रू, वॉशर आणि सांधे तपासावेत आणि पहिल्या वळवापूर्वी ढिले झालेले आवळून घ्यावेत. मृगापूर्वी पन्हाळ साफ करावी. पांढरा रंग धुळीने मळला की त्याचा उपयोग कमी होतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर पत्रा एकदा धुऊन काढावा.

छत घालण्याचा निर्णय पक्का करण्यापूर्वी एक प्रयोग प्रत्येकाने करून पाहावा. एप्रिलमधल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी अंगणात योजलेल्या उंचीवर एक जुनी चादर बांधावी आणि सकाळी नऊ, दुपारी बारा, दोन, चार व पाच वाजता तिची सावली कोठे पडते त्या जागी खडूने खूण करावी. मेमध्ये सूर्य थोडा आणखी वर येईल, तरी पश्चिमेचे ऊन कोठवर पोहोचते ते या खुणांवरून स्पष्ट दिसेल. सावली हवी त्या वेळी हव्या त्या जागी पडत नसेल, तर छताची जागा किंवा आकार तेव्हाच बदलता येतो. पाइप रोवल्यावर ती सोय राहत नाही.